आयसीयूतली खुर्ची रेकॉर्ड रूममध्ये का गेली? : हॉस्पिटलच्या विश्वस्तांना खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सर्व विश्वस्त मंडळी आणि मेडिकल डायरेक्टर साहेब,

नमस्कार.

तुमच्यातले दोघंतिघं मला ओळखतात, तुमच्या हॉस्पिटलमागच्या गल्लीत माझी खाणावळ आहे आणि तुमच्या आरएमओ डॉक्टरांचे रात्रीचे डबे गेली नऊ वर्षं माझ्याकडूनच येतात. हेच पत्र थोडं लहान करून मी दीड महिन्यापूर्वी तुमच्या ऑफिसात दिलं होतं, पोच घेतली, शिक्का मारून घेतला. उत्तर आलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम घालत नाही, भांडण लावायचं नाहीये, आणि ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

विषय एवढाच आहे की १ एप्रिलपासून तुम्ही आयसीयूची फिजिओची पोस्ट बंद केलीत. आयसीयूच्या दाराशेजारी भेटायच्या वेळा लिहिलेला बोर्ड आहे त्याच्या खाली एक कागद चिकटवलाय, फिजिओथेरपी सेवा यापुढे ऑन कॉल राहील, प्रति व्हिजिट ५०० रुपये, रविवार व सुट्टीच्या दिवशी बंद. तीन ओळी. बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांना त्या वाचून काही वाटत नसणार, मलाही तेव्हा वाटलं नसतं, कारण फिजिओ म्हणजे गुडघेदुखीला शेक देणारे एवढंच आपल्याला माहीत असतं.

मला का वाटतं ते सांगते.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूची साथ होती, आठवत असेल, सगळे कोविड कोविड करत होते आणि टेस्ट निगेटिव्ह यायची. मला आधी ताप, तिसऱ्या दिवशी धाप आणि पाचव्या दिवशी तुमच्याकडे व्हेंटिलेटर. १६ दिवस आयसीयूत होते त्यातले ११ दिवस तोंडात नळी. मिरजेला हलवा म्हणून हात वर न करता तुमच्याच डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी मला इथे वाचवलं, ते उपकार मी विसरलेली नाही आणि या पत्रात त्यांच्याविरुद्ध एक अक्षर नाही, हे आधीच सांगून ठेवते कारण मागच्या वेळी एका साहेबांनी तसा अर्थ काढला होता.

पहिल्या पाच दिवसांतलं मला खरं काही आठवत नाही, खोटं मात्र लख्ख आठवतं. मी एसटी स्टँडवर आडवी पडलेय आणि कोणीतरी माझी डब्यांची पिशवी पळवतोय. छतावर मुंग्या. मॉनिटर वाजला की वाटायचं कुकरच्या शिट्ट्या होतायत आणि कोणी गॅस बारीक करत नाहीये. नंतर सिस्टरांनी सांगितलं की मी झोपेतच हवेत भाकरी थापत होते, दोन्ही तळवे असे गोल गोल फिरवत, आणि थापता थापता हात तोंडाकडे जायला लागले तेव्हा त्यांना वाटलं मी नळी ओढतेय, म्हणून हात पट्टीने कॉटला बांधले. त्यांचं काही चुकलं नाही, एका सिस्टरकडे चार चार पेशंट, नळी निघाली असती तर जीव गेला असता. पण बांधलं की माणूस जास्त खवळतो, खवळला की गुंगीचं औषध वाढवतात, औषध वाढलं की डोकं आणखी भरकटतं. पोरगी म्हणते याला डेलिरियम म्हणतात. माझी धाकटी बीएस्सी नर्सिंग करते, पुढे जे आकडे येतील ते तिने मला वाचून दाखवलेत, मी स्वतः बारावी आहे.

सहाव्या दिवशी भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी सकाळी गुंगीचं औषध कमी केलं आणि साडेदहाच्या सुमारास एक बुटकीशी मुलगी आली, तुमची तेव्हाची आयसीयूची फिजिओ, म्हणाली "काकू, डोळे उघडा, माझं बोट दाबा. शाबास. आज आपल्याला पाय खाली सोडायचेत." तोंडात नळी, मानेत सुई, लघवीची पिशवी, आणि ही म्हणते पाय खाली सोडा! काचेपलीकडे आमचे हे उभे होते, ते नंतर सांगत होते की मला वाटलं या पोरीला वेड लागलंय, नळी निघंल, हाताने नको नको करत होते.

पण तिने आधी काय काय बघितलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ऑक्सिजन किती टक्के लागतोय, बीपीचं औषध किती थेंबांवर आहे, रात्रीतून काही बिघडलंय का. डॉक्टरांना विचारलं. मग एका सिस्टरने माझ्या ओठांपाशी नळी धरली, वॉर्डमधले मामा पाठीमागे उशी घेऊन बसले, टेक्निशियनने व्हेंटिलेटरचे पाइप उचलून धरले आणि ती स्वतः माझ्या पुढ्यात गुडघ्यांना गुडघे लावून. चौघांनी मिळून मला कॉटच्या कडेला बसवलं. मान धरता येत नव्हती, तान्ह्या पोरासारखी लटलट हलत होती. आणि मग पाय फरशीला लागले. फरशी गार होती. सहा दिवसांत पहिल्यांदा मला कळलं की मी स्टँडवर नाही, दवाखान्यात आहे. चार मिनिटं बसले असेन, ठोके १३८ वर गेले तसं तिने लगेच बास म्हटलं आणि झोपवलं. जबरदस्ती नाही, बहादुरी नाही, आकडा वर गेला की थांबायचं.

आठव्या दिवशी खुर्ची. ओपीडीतली जुनी लाकडी हातांची खुर्ची होती ती, तिला पाठीला दोन उशा बांधलेल्या, पायाखाली सलाईनचा रिकामा खोका. त्या खुर्चीत नळीसकट बसून मला पाटी दिली, लिहा काय पाहिजे ते. मी थरथरत काय लिहिलं माहितीये, "सिलेंडर बंद केला का". आमच्या ह्यांनी काचेतून मान हलवली, केला. तेव्हापासून हात बांधायची गरज पडली नाही.

घरी आले तेव्हाही काही मी ठणठणीत नव्हते हो. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरायची. तीन आठवडे पिठाचा गोळा हातात घेतला की मनगट वळायचं नाही, भाकरी परातीतच फाटायची. पण चालत संडासला जात होते. दिवाळीनंतर महिन्याभराने डबे सुरू केले, आधी १२, मग ३०. मी फक्त त्या खुर्चीमुळे बरी झाले असं म्हणणार नाही, तेव्हा मी ४४ ची होते, शुगर नाही, बीपी नाही, नशीबही असतं. पण खुर्ची होती.

आता या वर्षीचं. आमच्या शेजारचे तात्या, ६८ वर्षांचे, निमोनिया होऊन जूनमध्ये तुमच्याकडे लागले, म्हणजे कागद चिकटवल्यानंतर. १३ दिवस व्हेंटिलेटर. बिलाच्या प्रिंटमध्ये मी स्वतः बोट ठेवून मोजलं, फिजिओच्या दोन एंट्र्या, दोन्ही छातीच्या, म्हणजे पाठ थोपटून कफ सुटा करण्याच्या. बसवलं एकदाही नाही. सून रोज विचारायची ते कधी उठतील, उत्तर यायचं अजून गुंगीत आहेत. त्यांचा चष्मा आणि कानातलं मशीन १३ दिवस पिशवीत होतं, ती पिशवी सुनेकडे बाहेर बाकड्यावर, कोणी मागितलंच नाही, आणि फाइलमध्ये लिहिलंय पेशंट कन्फ्यूज्ड, नॉट फॉलोइंग कमांड्स. अहो ऐकूच येत नाही त्यांना!

डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय पेशंट इम्प्रूव्हड. स्ट्रेचरवरून घरात आणला तो माणूस, गाठोडं उचलावं तसं चौघांनी उचललं. माकडहाडाशी तळहाताएवढी जखम, बेडसोर. हातात चमचा धरता येत नव्हता. थोरला मुलगा एमआयडीसीत कामाला होता, बापाचं कोण करणार म्हणून अडीच महिने घरी बसला आणि मग कंपनीनेच नको म्हटलं. तुमच्या रजिस्टरमध्ये तात्या वाचलेल्यांत धरलेत, बरोबरच आहे, वाचलेच ते.

एप्रिलनंतर मी तुमच्या एका वरिष्ठ डॉक्टरांना भेटले होते. नीट बोलले ते, चहा पण पाजला. म्हणाले ताई, व्हेंटिलेटरच्या पेशंटला असं लवकर उठवून बसवल्याने फायदा होतो असं काही पक्कं नाहीये, परदेशात मोठा अभ्यास झालाय त्यात काही फरक आढळला नाही. मी घरी येऊन पोरीला विचारलं, तिने शोधला. अभ्यास खरा आहे, २०२२ चा, सहा देशांतली ४९ हॉस्पिटलं, ७५० पेशंट. ज्यांना लवकर आणि जास्त हलवलं ते आणि नेहमीच्या पद्धतीवाले यांच्यात सहा महिन्यांनी खरंच फरक निघाला नाही, उलट जास्त हलवलेल्यांत ठोके बिघडणं, बीपी, ऑक्सिजन खाली जाणं असे त्रास जास्त, ९.२ टक्के विरुद्ध ४.१ टक्के. डॉक्टर खोटं बोलले नाहीत.

पण साहेब, त्यातला पुढचा आकडा त्यांनी सांगितला नाही. जास्तवाल्यांना दिवसाला सरासरी २०.८ मिनिटं हलवत होते आणि नेहमीच्या पद्धतीवाल्यांना ८.८ मिनिटं. म्हणजे त्यांचा जो "काही विशेष न करणारा" गट होता त्यालाही रोज जवळपास नऊ मिनिटं मिळत होती. नऊ मिनिटं आणि एकवीस मिनिटं यांत फरक नाही असं तो अभ्यास सांगतो, शून्य मिनिटं चालतात असं कुठे सांगतो? माझ्याकडे कोणी म्हटलं की चार भाकऱ्या खाल्ल्या काय आणि दोन खाल्ल्या काय अंगाला सारखंच लागतं, तर मी उद्यापासून रिकामा डबा पाठवू का?

आणि दुसऱ्या बाजूचे अभ्यास पण आहेतच. अमेरिकेत शिकागो आणि आयोवाच्या डॉक्टरांचा, २००९ चा, १०४ पेशंट. रोज गुंगी थांबवायची आणि त्या वेळात फिजिओने काम करायचं, नळी टाकल्यापासून साधारण दीड दिवसात सुरुवात. दुसऱ्या गटाची सुरुवात आठवडाभराने. घरी जाताना स्वतःचं स्वतः करू शकणारे एकीकडे ५९ टक्के, दुसरीकडे ३५ टक्के. डोकं भरकटलेले दिवस चारावरून दोनवर. शिकागोवाल्यांनी २०२३ मध्ये तसंच २०० पेशंटवर परत केलं, वर्षाने विचारशक्तीवर परिणाम राहिलेले २४ टक्के, आणि ज्यांना नेहमीसारखं ठेवलं त्यांच्यात ४३ टक्के. लंडनचा एक २०१३ चा आहे तो वाचून मी गप्पच बसले, आयसीयूतल्या पेशंटच्या मांडीच्या पुढच्या स्नायूचा आकार दहा दिवसांत सरासरी १७.७ टक्के घटतो. दहा दिवसांत! आपण माणसाला आत झोपवून बाहेर बसून जप करत असतो आणि आत मांडी वितळत असते.

तर माझ्या तक्रारी अशा.

पोस्ट काढलीत ती पहिली. ऑन कॉल म्हणजे काय होतं ते मी डबे देताना बघते, डॉक्टरांनी लिहिलं तर फोन जातो, फोन लागला तर माणूस येतो, तो बाहेरच्या क्लिनिकमधला, त्याला आयसीयूच्या पेशंटला नळीसकट बसवायची सवय नाही, तो छाती थोपटून २० मिनिटांत जातो. दोष त्याचा पण नाही. जी मुलगी रोज असायची तिला रात्री काय झालं ते सकाळी आल्या आल्या माहीत असायचं, कोणाला आज हात लावायचा नाही हेही माहीत असायचं. मूळ काम तेच होतं, उठवणं त्याच्या नंतरचं. जास्त हलवल्याने त्रास होतो असं म्हणता ना, मग कोणाला किती हलवायचं हे ओळखणारंच माणूस काढून कसं चालेल?

दुसरी, ते ५०० रुपये. आयसीयूच्या बाकड्यावर बसलेल्या माणसाने आधीच अंगठी गहाण टाकलेली असते. सिस्टर विचारतात फिजिओ बोलवायचा का, वेगळे पैसे लागतील, तो म्हणतो गरज आहे का, सिस्टर म्हणतात डॉक्टरांना विचारा, डॉक्टर राउंडवर. झालं, दिवस गेला. महात्मा फुले योजनेतल्या पेशंटकडेही हे पैसे मागितल्याचं दोन घरांनी मला सांगितलंय, योजना कॅशलेस आहे, त्यांच्याकडून वेगळे घ्यायचेच नसतात. आणि तुम्ही धर्मादाय आहात, १० टक्के खाटा निर्धन पेशंटना फुकट आणि १० टक्के सवलतीत हे तुमच्याच रिसेप्शनवर पाटी लावून लिहिलंय. त्या खाटेवरचा माणूस ५०० कुठून देणार?

तिसरी गोष्ट लहान आहे पण मला जास्त लागलीये. ती लाकडी हातांची खुर्ची मी मागच्या महिन्यात बघितली. रेकॉर्ड रूमला डबा द्यायला गेले होते, कोपऱ्यात होती, हातावर २०१६ च्या फायलींचे गठ्ठे, पाठीच्या उशा बांधायची नाडी अजून तशीच लोंबतेय.

रविवारचं तर बोलायलाच नको. शनिवारी बसायला लागलेला पेशंट सोमवारपर्यंत परत आडवा.

पैशाचं मला कळतं, मी पण धंदा करते. ट्रस्ट तोट्यात आहे असं तुम्ही सगळीकडे सांगता, असेल. पण तुमच्या आयसीयूचा एक दिवस व्हेंटिलेटरसकट बारा हजारांच्या घरात जातो आणि त्या मुलीला महिन्याला किती द्यायचात ते गावाला माहीत आहे, त्यावर मी जास्त लिहीत नाही. साडेचार वर्षं शिकून, वर मास्टर्स करून ती पोरगी आता पुण्यात आहे, तिकडे तिला मान पण आहे आणि पगार पण.

मागण्या लिहिते. सगळ्या तुमच्या हातातल्या आहेत, मुंबईला विचारायला लागत नाही.

आयसीयूसाठी पूर्णवेळ फिजिओ परत नेमा, आणि रविवारी निदान अर्धा दिवस कोणीतरी असू द्या. आयसीयूतल्या फिजिओचे वेगळे पैसे घेणं बंद करा, योजनेच्या आणि धर्मादाय खाटांच्या पेशंटकडून आजपासूनच. रोज सकाळच्या राउंडला प्रत्येक व्हेंटिलेटरच्या पेशंटपुढे दोन प्रश्न विचारून फाइलीत उत्तर लिहा : आज गुंगी कमी करता येईल का, आज बसवता येईल का. नाही असेल तर नाही लिहा, का नाही तेही लिहा, बीपीचं औषध जास्त आहे, ऑक्सिजन जास्त लागतोय, जे असेल ते, कोणी भांडणार नाही. पण विचारलं गेलं हे नातेवाइकांना दिसू द्या.

चष्मा, कानातलं मशीन, दातांची कवळी, पेशंट जागा झाला की मागून घ्या. समोरच्या भिंतीवर एक मोठं घड्याळ लावा, मला ११ दिवस कळलं नाही दिवस आहे की रात्र. घड्याळ मी देते.

घरच्या एका माणसाला दुपारी तासभर आत बसू द्या. दहा मिनिटांत माणूस फक्त रडून बाहेर येतो. तासभर बसला तर हाताची बोटं हलवून घेईल, शेतातलं सांगेल, कोण कोण विचारत होतं ते सांगेल. सिस्टरांनी शिकवलं तर आमच्यासारखी माणसं करतात हो सगळं, तुम्ही फक्त आत घ्या.

आणि रात्रपाळीला मामा-मावशी कमी केलेत ते वाढवा. चार हातांशिवाय पेशंट बसत नाही आणि कुशीवर पण वळत नाही, तात्यांची जखम तशीच झालीये.

विश्वस्तांची मीटिंग महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असते, कारण त्या दिवशी २२ डबे जास्तीचे जातात. या वेळी डबे घेऊन मी स्वतः येणार आहे, तात्यांची सून पण येतेय, आम्हाला १० मिनिटं द्या. तोपर्यंत खुर्चीवरच्या फायली कुठे ठेवायच्या तेवढं कोणाला तरी सांगून ठेवा, उचलायला मी येते.

तुमची,
बेड नंबर ४, ऑगस्ट २०२२
(मागच्या गल्लीतली खाणावळवाली)